१७९० सालच्या इंग्रज वकिलाचे पांढरे मोजे हाताने विणावेत की मशीनवर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेशवे दरबारावरच्या नाटकात चार्ल्स मॅलेट, म्हणजे पुण्यातला इंग्रजांचा वकील (दरबारातला प्रतिनिधी), हे पात्र आहे. साल १७९०. त्याला गुडघ्याच्या वर जाणारे पांढरे मोजे हवेत. विचारणाऱ्या ताईंनी चार सुयांवर मोजे विणलेले आहेत, आणि घरी सासूबाईंचं जुनं विणकामाचं मशीनही आहे. पण त्या लिहितात, "मशीनचे मोजे त्या काळाला खोटे दिसतील, म्हणून हातानेच विणायचं ठरवलंय. लोकर कोणती घेऊ, सुया कितीच्या आणि दोन महिन्यांत होतील का?"

ताई, आधी सरळ उत्तर देते, कारणं नंतर. मशीन माळ्यावरून खाली काढा. मॅलेटच्या पायात यंत्रावर विणलेले मोजेच खरे. हाताने गोल विणलेले, बिनशिवणीचे, वर रिबची (सुलट-उलट टाक्यांच्या, ताणल्या जाणाऱ्या विणीची) बॉर्डर असलेले मोजे तुम्ही कितीही जीव ओतून केलेत, तरी ते १७९० सालच्या इंग्रज साहेबाचे होणार नाहीत.

मी हे काम २० वर्षं करते आहे. त्यातली ९ वर्षं इंग्लंडमध्ये लेस्टरला होते. तिकडे जुन्या लढाया पोशाखासकट पुन्हा उभ्या करणाऱ्या हौशी मंडळींना मोजे विणून द्यायचे. आता पुण्यात नाटकांना आणि मालिकांना देते. "हाताचं ते जुनं, मशीनचं ते नवं" हा समज मला दोन्हीकडे सारखाच भेटला, आणि सुरुवातीला तो माझाही होता. माझी पहिली मोठी ऑर्डर १७८०च्या दशकातल्या एका दिवाणखान्याच्या प्रसंगासाठी होती. पाच सुयांवर, बारीक लोकरीत, एकही शिवण नसलेले सहा जोड विणले. ते घेणाऱ्या गटातल्या एक वयस्क बाई शांतपणे म्हणाल्या, "छान आहेत, पण पाठीमागची शिवण कुठे आहे?" मला वाटलं होतं, शिवण नाही हेच माझं कौशल्य. त्यानंतर मी संग्रहालयांतले मोजे समोरून बघायचं सोडलं आणि मागून बघायला लागले.

मोजे विणायची फ्रेम, म्हणजेच मोज्यांचं यंत्र, विल्यम ली नावाच्या माणसाने नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावात १५८९ साली तयार केली. एलिझाबेथ राणीने त्याला पेटंट नाकारलं असं सांगतात. तो पुढे फ्रान्सला गेला आणि तिथेच वारला, पण फ्रेम इंग्लंडात रुजली. १६५७ साली लंडनमध्ये फ्रेमवर विणणाऱ्यांच्या संघाला सनद मिळाली. म्हणजे मॅलेट पुण्याला आला तेव्हा यंत्राचे मोजे २०० वर्षांचे जुने झाले होते. नॉटिंगहॅम, लेस्टर, डर्बी या तीन परगण्यांतली गावंच्या गावं त्यावर जगत होती. कारागीर घरात फ्रेमवर बसायचा, आणि बायका-मुलं सूत गुंडाळणं आणि शिवणं ही कामं करायची. नॉटिंगहॅमशेजारी रडिंग्टनला अशा फ्रेमा चालू स्थितीत ठेवलेलं संग्रहालय आहे. तिथे लांबच लांब खिडकीच्या उजेडात ती फ्रेम चालताना एकदा बघितली, की "मशीन" म्हणजे कारखाना हे चित्र डोक्यातून जातं. हातापायांनी चालणारा तो एक मागच आहे, फक्त त्यावर कापडाऐवजी टाक्यांची अख्खी ओळ एका दमात पडते.

म्हणून हात की मशीन हा प्रश्न मी बाजूला ठेवते. मी विचारते, मोजे कोणाच्या पायात जाणार, साल कोणतं आणि पहिल्या रांगेतला प्रेक्षक किती फुटांवर आहे. या तिन्हींची उत्तरं बदलली, की माझं उत्तरही बदलतं. तुमच्या नाटकात मॅलेटच्या ऐवजी त्याचा गोरा नोकर, खलाशी किंवा साधा शिपाई असता, तर मी आनंदाने म्हटलं असतं, सुया घ्या. गरिबाचे, कष्टकऱ्याचे लोकरी मोजे तेव्हाही हाताने विणले जात होते. शेटलंड बेटांवर गनिस्टर इथे १९५१ साली दलदलीत एका माणसाचे अवशेष सापडले, सतराव्या शतकाच्या अखेरीचे. त्याच्या अंगावरचे मोजे, हातमोजे, टोप्या, बटवा सगळं हाताने विणलेलं आहे. आणि हाताचं म्हणजे जाडंभरडं असंही नाही. फ्लॉरेन्सची डचेस एलिओनोरा १५६२ साली वारली, तिच्या थडग्यातून निघालेले लाल रेशमी मोजे हाताने विणलेले आहेत. ते फ्रेमच्या आधीचे, म्हणून ते हाताचे. प्रत्येक जोडीमागे अशी साल आणि माणूस यांची जोडी असते.

मॅलेट हा कंपनीच्या वरच्या हुद्द्यावरचा माणूस. दरबारात जाताना त्याच्या पायात पांढरे रेशमी नाहीतर बारीक सुती मोजे, आणि ते फ्रेमवरचे. सुती म्हटलं की मला एक गोष्ट सांगावीशी वाटतेच. १७३०च्या सुमारास नॉटिंगहॅमला फ्रेमवर पहिले सुती मोजे विणले गेले, ते हिंदुस्थानात हाताने कातलेल्या सुतावर. इंग्लंडातल्या सुताला तो बारीकपणा आणि ताकद तेव्हा नव्हती. पुढे मोज्यांच्या धंद्यातल्या जेडेडाया स्ट्रट आणि त्याच्या भागीदाराने रिचर्ड आर्कराइटच्या कताई यंत्राला पैसे पुरवले. १७७१ साली क्रॉमफर्डला त्याची सूतगिरणी उभी राहिली, त्याचं एक कारण मोज्यांसाठी सूत हवं होतं हे आहे. म्हणजे तुम्ही सुती मोजे केलेत तर ती तडजोड समजू नका. आपल्या हवेत तर तेच शहाणपणाचे.

आता घट्टपणाबद्दल, कारण खरी अडचण इथे आहे. लीची पहिली फ्रेम इंचाला ८ सुयांची होती आणि पुढे त्याने ती २० पर्यंत नेली, असं सांगतात. मॅलेटच्या काळातले चांगले रेशमी मोजे इंचाला २० टाके आणि त्याच्याही पुढचे आहेत. भिंगाशिवाय टाके मोजणं अवघड. (जुन्या नोंदींत "३० गेज" असं दिसलं तर गोंधळू नका. तिथे ३ इंचांतल्या शिशाच्या पट्ट्या मोजतात आणि प्रत्येक पट्टीत दोन सुया असतात, म्हणून ३० गेज म्हणजे इंचाला २० सुया.)

तुमच्या घरचं मशीन बहुतेक २०० सुयांचं, दोन सुयांत साडेचार मिलिमीटर अंतर असलेलं असेल. त्यावर बारीक दोऱ्याने मला १० सेंटिमीटरमध्ये ३२ टाके आणि ४६ ओळी मिळतात, म्हणजे इंचाला ८ टाके. हे मॅलेटच्या मानाने जाडच. पण नाट्यगृहात १५ फुटांवरून टाका मोजता येत नाही. त्या अंतरावरून आकार, चमक आणि शिवण दिसते, आणि ती तुमच्या हातात आहे. जवळून कॅमेरा लागणार असेल तर मात्र एवढ्यावर भागणार नाही. मग शाळांचे स्वेटर विणून देणाऱ्या कारागिराकडे जा. त्यांच्याकडे हाताने ओढायची दोन पाट्यांची मशीनं असतात, त्यांत इंचाला १० किंवा १२ सुयांची मिळतात. एकाच पाटीवर सपाट वीण काढून मागा, आणि टाके कमी करायच्या ओळी कागदावर लिहून द्या. मी दोन मालिकांसाठी असंच केलं.

हिशेब म्हणून एक आकडा देते. मोज्याची जोडी माझ्या मापाने साधारण ४,४४० चौरस सेंटिमीटर भरते. ३२ आणि ४६च्या विणीत ते झाले सुमारे ६५,००० टाके. हाताने मिनिटाला ३५ टाके धरले, तर ३१ तास. रोज दीड तास बसलात तर तीन आठवडे. म्हणजे दोन महिन्यांत हाताने नक्की होतील, वेळेचा प्रश्नच नाही. इंचाला २० टाके धरले, तर तीच जोडी ४ लाखांच्या आसपास जाते आणि हाताला चार महिने लागतात. साहेबलोकांच्या पायांत फ्रेमचे मोजे का आले, ते या आकड्यात दिसतं.

दोरा. रेशीम परवडत असेल तर जरूर, पण येवल्याला पैठणीसाठी मिळतं तसं रेशीम एकेरी फार बारीक असतं. कितीतरी पदर एकत्र घ्यावे लागतात आणि ते मशीनवर निसटतं. पहिल्यांदा करणाऱ्याने रेशमाच्या नादी लागू नये असं माझं मत आहे. घट्ट पिळाचा मर्सराइज्ड, म्हणजे प्रक्रिया करून चमक आणलेला सुती दोरा घ्या. क्रोशाचा २० नंबरचा दोरा दोन धागे एकत्र करून चालतो. सुतावर अशी चमक आणायची प्रक्रिया एकोणिसाव्या शतकातली आहे, म्हणजे काटेकोरपणे १७९०ची नाही. पण रंगमंचाच्या उजेडात तो दोरा रेशमासारखा दिसतो, आणि इथे आपल्याला रेशमाचंच सोंग आणायचं आहे. मऊ, फुगीर मेरिनो लोकर मात्र अजिबात नको. तिच्यावर उजेड पडला की पाय थंडीतल्या पायजम्यात असल्यासारखा दिसतो. लोकरीचे जुने मोजेसुद्धा लांब धाग्याच्या, विंचरून कातलेल्या, गुळगुळीत लोकरीचे असत.

आता प्रत्यक्ष करायचं कसं. पोटरीचा घेर ३६, घोट्याचा २३, गुडघ्याच्या वर ३८ सेंटिमीटर असा पाय धरते. तुमच्या नटाची मापं घ्याल तेव्हा तो उभा असताना घ्या.

मोजा पायावर ताणला गेला पाहिजे, म्हणून पोटरीला ३६ऐवजी ३३ सेंटिमीटर विणायचं. ३३ गुणिले ३.२, म्हणजे १०६ टाके, आणि शिवणीत जाणारे दोन धरून १०८. इतके टाके मशीनवर घाला, सुरुवातीचा अडीच सेंटिमीटर भाग दुमडून दुहेरी पट्टी करा. रिब करू नका. साधी वीण आणि वर रिबची बॉर्डर ही जोडी आजच्या मोज्यांची आहे. रिब मुळीच नव्हती असं नाही. स्ट्रटने १७५९च्या सुमारास फ्रेमला जोड देऊन रिब विणायची सोय केली, आणि तिला डर्बी रिब म्हणतात. पण ते मोजे वरपासून खालपर्यंत रिबचे. वरच्या चार बोटांत रबरासारखी बॉर्डर हे त्यांच्या डोक्यातही नव्हतं, कारण मोजा धरून ठेवायचं काम गुडघ्याखाली बांधलेली फीत करायची.

पट्टीनंतर सरळ सुमारे ३० सेंटिमीटर, पोटरीच्या सगळ्यात रुंद भागापर्यंत. तिथून घोट्यापर्यंत २० सेंटिमीटर, म्हणजे ९२ ओळी. घोट्याला २४ सेंटिमीटर ठेवते, २३पेक्षा थोडं जास्त. टाच त्यातून जायला हवी आणि सूत लोकरीइतकं ताणलं जात नाही. ते झाले ७६ अधिक २, म्हणजे ७८ टाके. १०८चे ७८ करायचे म्हणजे ३० टाके कमी, दोन्ही कडांना १५ वेळा. दर पाचव्या ओळीला दोन्हीकडे एकेक कमी केलात की ७५ ओळींत काम होतं, उरलेल्या १७ ओळी सरळ.

हे टाके कमी कसे करता, यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून इथे थांबून सांगते. अगदी कडेचे दोन टाके एकत्र केले तर आकार येतो, पण कड ओबडधोबड होते आणि खूण दिसत नाही. फ्रेमवरचा कारागीर कडेचे काही टाके एकदम उचलून आत सरकवायचा. तुम्ही तीन डोळ्यांचं ट्रान्सफर टूल, म्हणजे टाके एका सुईवरून दुसरीवर न्यायचं अवजार घ्या, कडेचे तीन टाके उचला आणि एक सुई आत ठेवा. तिसरा टाका चौथ्यावर बसतो, कड सरळच राहते, आणि कडेपासून तीन टाके आत एक छोटीशी तिरकी गाठ उमटते. पाच ओळींनी पुन्हा एक. मग पुन्हा. मोजा शिवून झाल्यावर शिवणीच्या दोन्ही बाजूंना त्या गाठींच्या दोन रांगा पोटरीपासून घोट्याकडे उतरत जातात, शिवणीपासून सारख्या अंतरावर. अठराव्या शतकातला मोजा हातात घेऊन मागे फिरवला की तुम्हाला हेच दिसेल. माझ्या लेखी अस्सलपणाची सही इथे आहे. नट पाठ फिरवून पेशव्यांसमोर वाकतो तेव्हा पहिल्या रांगेतल्या माणसाला ती शिवण आणि निमुळती होत जाणारी वीण दिसते. तो ते नाव घेऊन सांगू शकणार नाही, पण तो पाय त्याला खरा वाटतो.

विणकामाच्या जुन्या सवयीने हात कडेचेच टाके एकत्र करायला जाईल. पहिला पाय उसवायची तयारी ठेवा.

टाच आणि पाऊल. इथे बरेच जण "आत बूटच आहे" म्हणून सूट घेतात. तुम्ही घेऊ नका, कारण तुमचा प्रसंग दरबारातला आहे. आपल्याकडे दरबारात जोडे काढून जायचा रिवाज, आणि दिग्दर्शकाने तो पाळला तर मॅलेटची टाच आणि तळवा सगळ्या प्रेक्षागृहाला दिसणार. शिवण पाठीमागे मध्यावर आहे, म्हणून ७८ टाक्यांतले दोन्ही कडांचे २०-२० टाके टाचेचे आणि मधले ३८ पावलाच्या वरच्या भागाचे. मधले टाके नको असलेल्या दोऱ्यावर काढून ठेवा. दोन्ही कडांच्या टाचेच्या पट्ट्या वेगवेगळ्या ६-७ सेंटिमीटर विणा, शेवटच्या काही ओळींत पाठीमागच्या कडेने थोडे टाके कमी करा म्हणजे टाच गोल बसेल. मग पाऊल पुढे विणा. तळव्याचा तुकडा टाचेच्या खालच्या कडेवरून टाके उचलून वेगळा विणायचा आणि पावलाच्या दोन्ही बाजूंना शिवायचा. म्हणजे पावलाला दोन शिवणी येतात, घोट्याजवळ दोन्ही बाजूंना एकेक तिकोनी पाचर येते. ही पाचर जिथे संपते तिथून वर, घोट्याच्या बाजूला, भरतकामाची एक छोटी उभी वेल असायची. इंग्रजीत तिला क्लॉक म्हणतात. १७९०ला ती साधी आणि मोज्याच्याच रंगाची ठेवा. पांढऱ्यावर पांढरं. वेळ नसेल तर ही वेल गाळली तरी चालेल, मागची शिवण गाळून चालणार नाही.

शिवताना कडेच्या फक्त अर्ध्या टाक्यात सुई घाला. जाड शिवण टाचेखाली आली की नट लंगडतो. हे मी एका प्रयोगात बघितलं आहे, तेव्हा सांगते.

सुती मोज्यांचा एक दोष आहे. ते परत आकसत नाहीत. माझे पहिले सुती मोजे दुसऱ्या अंकात गुडघ्याखाली चुण्या पडून खाली आले होते, आणि तो प्रयोग मी मागच्या पडद्याआडून बघत होते. तेव्हापासून मी तीन गोष्टी करते. वीण मशीनच्या डायलवर एक आकडा घट्ट ठेवते. लांबी तीन-चार सेंटिमीटर जास्त ठेवते, म्हणजे गुडघा वाकला तरी वर ओढ पुरते. आणि गुडघ्याखाली फीत बांधतेच. वरून ब्रीचेसची, म्हणजे गुडघ्याशी बंद होणाऱ्या विजारीची पट्टी आणि बक्कल येतं, त्यामुळे फीत दिसत नाही. मोजा विजारीच्या आत गेला पाहिजे हेही लक्षात असू द्या. विजारीवरून मोजा गुंडाळून घ्यायची पद्धत अठराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांची. १७९०च्या साहेबाला ती आजोबांची वाटली असती.

पांढऱ्या रंगाबद्दल. बाजारातल्या पांढऱ्याशुभ्र दोऱ्यात चमक आणणारी रसायनं असतात, ती विसाव्या शतकातली. निळसर दिव्याखाली तो दोरा अक्षरशः पेटल्यासारखा दिसतो. बाकीच्या पोशाखाच्या आधी मोजेच डोळ्यात भरतात. एक चमचा चहाची पावडर दोन लिटर पाण्यात उकळून, गाळून, त्या कोमट पाण्यात मोजे पाच मिनिटं बुडवा. पांढरेपणा जाणार नाही, फक्त धार जाईल. मग ओले असतानाच पायाच्या आकाराच्या फळीवर चढवून वाळवा. अर्धा इंच प्लायवूडची फळी कुठलाही सुतार कापून देतो. कडा घासून गुळगुळीत करून घ्या. ही फळी नसेल तर शिवणीच्या बाजूंच्या त्या गाठींच्या रांगा वाकड्यातिकड्या बसतात आणि तुमची सगळी मेहनत लपून जाते.

काही जण गोल मोज्यांचं हाताने फिरवायचं मशीन विचारतात, कारण त्यावर एक मोजा तासाभरात होतो. ते मशीन मला फार आवडतं, पण ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं आहे. त्याच्या नळकांड्यात सुयांची संख्या ठरलेली असते, म्हणून पोटरीला आणि घोट्याला टाके तेवढेच राहतात आणि आकार फक्त वीण सैल-घट्ट करून येतो. पहिल्या महायुद्धातल्या शिपायासाठी ते अगदी योग्य. मॅलेटसाठी नाही. आणि कोणी सुचवेल की होजियरीचं कापड आणून, कापून, शिवून टाका. असे कापून शिवलेले मोजेही इतिहासात आहेत, पण थोडे पुढचे आणि बदनाम. कड उसवते, वीण सुटते. १८११ साली नॉटिंगहॅमच्या कारागिरांनी फ्रेमा फोडायला सुरुवात केली तेव्हाच्या त्यांच्या तक्रारींत रुंद फ्रेमवर कापड विणून त्यातून कापलेल्या मोज्यांची तक्रार होती. हलका माल आमच्या धंद्याचं नाव घालवतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं.

तुमच्या नाटकात मॅलेटबरोबर आणखी दोन-तीन इंग्रज मागे उभे असतील, तर त्यांच्यासाठी एवढं करू नका. बाजारातले साधे, सपाट विणीचे लांब पांढरे सुती मोजे घ्या, रिबचे खेळाचे मोजे नकोत. मागे मध्यावर आतून बारीक चिमटा घेऊन वरपासून टाचेपर्यंत शिवून टाका. लांबून ती शिवण पुरते. चहाच्या पाण्यातून मात्र त्यांनाही काढा, नाहीतर मागचे लोक वकिलापेक्षा जास्त उजळ दिसतील.

हाताने विणायचं मन असेलच, आणि तुमच्या पत्रावरून ते आहे असं दिसतं, तर मॅलेटच्या नोकरासाठी एक जोड विणा. गुळगुळीत दोन किंवा तीन पदरी लोकर, करड्या किंवा मेंढीच्या नैसर्गिक तपकिरी रंगात. दोन मिलिमीटरच्या किंवा त्याहून बारीक सुया, इंचाला १० टाके. वर दोन-चार ओळी उलट, बस. पाठीमागे मध्यावर एक टाका एक ओळ सोडून एक ओळ उलट विणत खाली या. ती खोटी शिवण. तिच्या दोन्ही बाजूंना टाके कमी करत गेलात की पोटरीचा आकार येतो. टाच सरळ पट्टीची, खाली दुमडून दोन्ही बाजूंचे टाके एकत्र बंद केलेली, मग कडेने टाके उचलून पाचर. हाताने विणणारेही ती खोटी शिवण का ठेवत असतील, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. टाके मोजायला आणि दोन्ही बाजू सारख्या ठेवायला ती खूण फार सोयीची पडते, हे विणताना लगेच कळतं. तो जोड आणि मॅलेटचा जोड शेजारी ठेवून बघा. मालक आणि नोकर तुम्हाला बोटांना वेगळे लागतील.

आता क्रम. पहिल्या आठवड्यात दोरा आणून १५ सेंटिमीटरचा चौकोन विणा, धुवा, वाळवा आणि मगच टाके मोजा. सुती वीण धुतल्यावर लांबीत आटते, त्यामुळे न धुता मोजलेला आकडा खोटा असतो, आणि मी वर दिलेले आकडे तुमच्या चौकोनाप्रमाणे बदलावे लागतील. नंतर एकच मोजा पूर्ण करा, शिवणीसकट. तो नटाला ब्रीचेस आणि फितीसकट घालायला द्या, दहा मिनिटं बैठकीवर बसवा, दोनदा उठवा, एकदा मुजऱ्याला वाकवा. घोट्याशी चुण्या पडल्या तर घोट्याचे चार टाके कमी, गुडघ्याशी ओढ बसली तर वर तीन सेंटिमीटर जास्त. तेवढं वहीत लिहून मग दुसरा मोजा मशीनवर घाला.